दिवाघराखालची माती

१

दिवाघराचा कोपरा खचला तेव्हा सकाळची पाळी नुकतीच खाणीत उतरली होती, म्हणून एकच माणूस गेलं. 'एकच' हा शब्द खाणीच्या व्यवस्थापक साहेबांचा. मातीबाईने तो ऐकला आणि हातातला कप असा आपटला की बशीला तडा गेला.

"एकच म्हणजे कोण, ते सांगा," ती म्हणाली.

साहेबांना पटकन आठवेना. शिपायाने खाली मान घालून सांगितलं, दिवेवाली. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात टोपीवरचा दिवा ठेवणारी आणि तो वर येईपर्यंत जिवाला घोर लावून बसणारी बाई. नव्याकोऱ्या दिवाघराची भिंत तिच्या अंगावर आली.

मातीबाई खाणसुरक्षा खात्यातली अभियंता. जमीन इमारतीचं ओझं पेलेल की नाही, हे तपासण्यात तिचे केस पिकले होते. कुठे काही खचलं की खातं तिला धाडायचं. मातीबाई हे नाव लोकांनी पाडलेलं, आणि ते तिच्या तोंडावरही घ्यायचे. डोकं तापट, जीभ त्याहून तापट. घरचे म्हणायचे, हिच्यापुढे दगडसुद्धा खरं बोलतो. माणसं मात्र बोलत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

साहेबांनी गुन्हेगार आधीच हेरून ठेवला होता. खाणीत जमिनीला भोकं पाडायचं मशीन एकच, आणि ते चालवणारा माणूसही एकच. त्याला सगळे गिरमिट म्हणायचे. बांधकामाआधी त्याने दिवाघराच्या जागेवर भोक पाडायचं, पोकळ नळीतून आतली माती कांड्या-कांड्यांनी वर काढायची आणि जितक्या खोलीवरची तितक्या क्रमाने लाकडी पेटीत मांडून ठेवायची. पेटी बघून पाया ठरतो. शहरातल्या प्रयोगशाळेनेही त्याच पेटीतले तुकडे तपासले होते. पेटीत निघाली होती घट्ट चिकणमाती, आणि खाली कातळ. पाया उथळ चालेल, असा शेरा आला.

"आणि प्रत्यक्षात खाली भुसभुशीत भराव," साहेब म्हणाले. "उघड आहे. उन्हात कोण राबणार? त्याने दुसरीकडे सोप्या जागी भोक पाडलं आणि पेटी भरून टाकली. उद्या समिती बसते आहे. तुम्ही फक्त शिक्कामोर्तब करा."

मातीबाईने पेटी मागवली. शिपाई पाण्याचा पेला घेऊन जवळ आला तशी ती त्याच्यावर खेकसली, पाणी आधी लांब ने म्हणून. मग हात रुमालाला कोरडे पुसून तिने एक कांडी उचलली. चिकणमाती अस्सल होती. पण कांडीच्या अंगावर दुधावर धरते तशी पातळ, वाळलेली साय होती, आणि त्या सायीवर बारीक रेघा, एकीला लागून एक. कांडी जागेवर ठेवून ती गप्प बसली. मातीबाई गप्प बसली की समजावं, तिला काहीतरी खुपलंय.

दारातून बाहेर पडताना शिपाई हळूच म्हणाला, "बाई, एक राहिलं. दिवेवाली गिरमिटचीच बायको होती."

२

म्हणजे आळशीपणापायी स्वतःच्या बायकोला मारणारा माणूस, असा हा शिक्का मारायला तिला बोलावलं होतं. मातीबाईच्या कपाळाची शीर उडायला लागली.

ठेकेदार खचलेल्या जोत्यापाशीच भेटला. त्याने तोंड उघडलं ते हात झटकायलाच. कागदावर पाया जेवढा तेवढा मी घेतला, सिमेंट घरचं असल्यासारखं वापरलं, हवं तर फोडून बघा. तिने खरंच घण मागवला आणि फोडून बघितलं. काँक्रीट चांगलं होतं, याचाही तिला रागच आला, कारण एक सोपा चोर हातचा गेला. पेट्यांच्या खोलीची किल्ली कुठे असायची, असं विचारलं तर म्हणाला, साहेबांच्या कचेरीत खिळ्याला. कुणीही घ्यावी, कुणीही लावावी.

साहेबांना तिने दुसऱ्यांदा गाठलं. दिवाघर खाणीच्या तोंडाशीच हवं, हा हट्ट कुणाचा? माझा, ते म्हणाले, माणसांची पायपीट वाचावी म्हणून. बोलताना त्यांनी बुटाला लागलेली माती कागदाने पुसली आणि तो कागद दोन बोटांत धरून टोपलीत टाकला. हा माणूस पेट्या उपसत बसेल हे तिला पटेना. पण दुसऱ्याला हुकूम सोडायला हात मळावे लागत नाहीत, हेही तिच्या मनात आलं.

"ती जमीन पूर्वी कुणी उकरली होती का?" तिने विचारलं.

"नकाशावर तर काही नाही. जुनं काही असेल तर मामांना विचारा. या खाणीत त्यांना ठाऊक नाही असं काही नाही."

३

मामा म्हणजे खाणीचे भूगर्भतज्ज्ञ. खनिज कुठे आहे आणि कुठे नाही, हे सांगणारे. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे मामा. त्यांचं बोट जिथे पडेल तिथे खनिज लागतं, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्ती तोंडावर आली होती आणि डोंगरापलीकडच्या नव्या साठ्याला त्यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं.

त्यांचं गोदाम बघून मातीबाईचा राग घटकाभर विसावला. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पेट्या, पेट्यांत गिरमिटच्याच मशीनने आजवर काढलेल्या खडकाच्या कांड्या. कुठे धुळीचा कण नाही.

"इथला एक खडा हलला तरी मला कळतं," मामा हसत म्हणाले. "पोराबाळांसारखे सांभाळलेत. आजवर एक तुकडा फेकला नाही."

तिला एक खास दगड दाखवायचाच म्हणून ते शिडीवर चढले, सरसर, तरण्या पोरासारखे, आणि दगड काखेत मारून तसेच खाली आले. टेबलावरच्या डब्यात चपटा ब्रश बुडवला आणि दगडावर ओला हात फिरवला. करडा दगड एकदम हिरवागार झाला.

"कोरडा दगड मुका असतो," ते म्हणाले. "ओला केला की बोलतो."

तिने दिवाघराचं काढलं. मामांचा चेहरा पडला. दिवेवाली फार गुणी बाई, म्हणाले. गिरमिटही वाईट नाही हो, थकला असेल, चुकला असेल, त्याला फार कडक शिक्षा होऊ देऊ नका. पण दिवाघराची पेटी आपण पाहिलीच नाही. ते मातीचं काम, आपलं खडकाचं. त्या जागी पूर्वी काही उकरलं होतं का, यावर त्यांनी जरा विचार केला आणि नाही म्हणाले.

बाहेर पडताना मातीबाईला वाटलं, अख्ख्या खाणीत हा एकच माणूस त्या बाईबद्दल चार शब्द बरे बोलला. आणि तरी तिचा राग परत चढला, तो का, हे तिला लगेच उमगलं नाही.

४

गिरमिट मशीनच्या शेडमध्ये एका डब्यावर बसला होता. बायको गेल्यापासून इथेच झोपायचा. घर होतं, पण घरी लेक होती.

तो सांगत होता ते त्याने आधीही सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळे हसले होते. भोक त्याने ठरल्या जागीच पाडलं होतं, दिवाघराच्या आजच्या कोपऱ्यापाशी. वरपासून खाली भराव लागला, अगदी शेवटी कातळ. त्याने कांड्या पेटीत मांडल्या, झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन डोंगरापलीकडे गेला. परत आला तेव्हा दिवाघर उभं होतं. पेटी बघितलीये म्हणजे पाया खोल घेतला असणार, असं तो धरून चालला. कुणाला विचारलं नाही. बायको तिथे कामाला जायची तेव्हाही विचारलं नाही.

"मग पेटीत चिकणमाती कशी?"

गिरमिटने हाताच्या घट्ट्यांवर अंगठा फिरवला. "सगळे म्हणतात तू भोक पाडलंच नाहीस. आता मलाच वाटायला लागलंय, बाई. खरंच पाडलं ना मी?"

मातीबाईला संताप आला. बायको गेली ती गेलीच, वर या माणसाची आठवणसुद्धा लोकांनी हिसकून घेतली होती.

"भोक पाडून झाल्यावर त्याचं काय केलंस?" तिने विचारलं.

"भरलं. सिमेंट कालवून."

"वर बूच मारलं?"

"नाही. तळापासून भरलं. उघडं भोक टाकून जाऊ नये, जनावराचा पाय जातो, पाणी मुरतं. माझी सवय आहे."

तिच्या मागोमाग आलेला ठेकेदार फिसकन हसला. तळापासून कोण भरतं? सगळे वर मूठभर सिमेंट थापतात आणि निघतात. मातीबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू विरलं. मग तिने त्यालाच कामाला लावलं. कोपऱ्यालगत चर खणायचा, एका बाजूला फळ्यांचा टेकू देऊन, कातळ लागेपर्यंत.

खणताना पहिल्यांदा निघाली ती वायर. लाल रंगाची, सुरुंग उडवताना वापरतात ती. मग हिरवट दगडांच्या फुटक्या कपच्या, मग पुन्हा वायर. निसर्गाच्या मातीत लाल वायर उगवत नाही. म्हणजे इथे कधीतरी खड्डा होता आणि तो खाणीच्याच कचऱ्याने बुजवला होता. हे साहेबही कबूल करत होते. त्याने गिरमिट सुटत नव्हता.

आणि मग फावडं कशावर तरी खणकन वाजलं.

मातीबाई स्वतः चरात उतरली. हाताने माती बाजूला सारली. मनगटाएवढी जाड, गोल, करडी सिमेंटची कांब भरावात उभी होती. जसजसं खणलं तसतशी ती खाली खाली जात राहिली, कुठे तुटली नाही, वाकली नाही, थेट कातळात रुतलेली. गिरमिटने पाडलेलं भोक आता सिमेंटचं होऊन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं.

"म्हणजे याने भोक पाडलं," ठेकेदार अडखळत म्हणाला. "मग पेटीत—"

"पेटीत भराव होता," मातीबाई म्हणाली. "कुणीतरी तो काढून चिकणमाती ठेवली."

गिरमिट चराच्या काठावर आला आणि वाकून कांबेकडे बघू लागला.

५

लेक खाणीच्या दवाखान्यात परिचारिका होती. मातीबाई गेली तेव्हा ती पट्ट्या गुंडाळत होती. मान वर न करताच म्हणाली, त्या माणसाबद्दल बोलायला आला असाल तर वेळ घालवू नका. 'बाबा' हा शब्द तिने टाकून दिला होता. भोक पाडलं नसेल तर त्याने आईला मारलं, आणि पाडूनही गप्प बसला असेल तर जाणूनबुजून मारलं. यातलं काय बरं, ते तुम्हीच सांगा.

मातीबाईने सिमेंटच्या कांबेचं सांगितलं. लेकीचे हात थांबले, पण चेहरा तसाच राहिला.

"आईबद्दल सांग," मातीबाई म्हणाली.

मग मात्र ती बोलली. आई सगळ्यांचं करायची. कुणाच्या दिव्याचा पट्टा सैल असेल तर शिवून ठेवायची. कुणी पाळीला उशिरा आलं तर घरी निरोप धाडायची. नवं दिवाघर झाल्यापासून तर मामांचा दिवा ती स्वतः बाहेर नेऊन द्यायची. त्यांचे गुडघे दुखायचे, दाराच्या पायऱ्या चढवत नसत. बिचारे खाली रस्त्यावर उभे राहायचे आणि आई पळत जायची.

मातीबाई उठून उभी राहिली. मघाचा राग का चढला होता, ते आता तिला कळलं.

"उद्या समिती बसायच्या आधी मामांच्या गोदामात ये," ती म्हणाली. "तुझ्या त्या माणसालाही मी बोलावलंय. शेजारी उभी राहू नकोस हवं तर. पण ये."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात सगळे जमले. साहेब घड्याळ बघत होते. ठेकेदार दाराशी, गिरमिट एका कोपऱ्यात, लेक बरोबर समोरच्या कोपऱ्यात. मामांनी सगळ्यांना स्टुलं दिली.

मातीबाईने दिवाघराची पेटी टेबलावर ठेवली. "ही चिकणमाती आली कुठून? कांड्यांची जाडी गिरमिटच्याच नळीची आहे. खाणीत दुसरं मशीन नाही. म्हणजे त्याने कधीतरी, कुठेतरी काढलेल्याच या कांड्या. पण मातीच्या तपासणीसाठी काढलेल्या नाहीत."

ते कसं, असं साहेबांनी विचारलं.

"या ओल्या केलेल्या आहेत. मातीत मूळचं पाणी किती, हेच आम्ही तपासतो. त्यामुळे मातीवाला माणूस नमुन्याला बाहेरच्या पाण्याचा थेंबही लागू देत नाही. मी काल शिपायावर उगाच नाही ओरडले. आणि या कांड्यांवर चक्क ब्रश फिरवलाय. मातीची साय धरली आणि केसांच्या रेघा तशाच वाळल्या. कांडी दिसली की ओला ब्रश फिरवायची सवय खडकवाल्यांची. म्हणजे ही चिकणमाती खनिज शोधायला मारलेल्या जुन्या भोकातली. या गोदामातली."

सगळ्यांचे डोळे मामांकडे वळले. मामा शांतपणे म्हणाले की गोदामात कुणीही शिरू शकतं.

"शिरू शकतं. पण इथला खडा हलला तरी तुम्हाला कळतं, असं तुम्हीच म्हणालात. अख्खी पेटी रिकामी झाली आणि कळलं नाही? की त्या जागी दुसरं काही आलं म्हणून कळलं नाही? तुम्ही आजवर एक तुकडा फेकलेला नाही, मामा. यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

ती शिडीवर चढली. वरच्या फळीवर, भिंतीकडच्या अंगाला सरकवलेल्या पेट्यांची झाकणं एकेक करून उघडत गेली. एका पेटीपाशी तिचा हात थांबला. ती पेटी तिने खाली आणली आणि टेबलावर ठेवली. आत भराव होता, नीट क्रमाने मांडलेला. हिरवट कपच्या, आणि एका कांडीतून डोकावणारी लाल वायर. शेवटच्या खणात कातळाचा तुकडा. शेजारी तिने काल चरातून आणलेली मूठभर माती ओतली. दोन्हींत फरक दाखवायला कुणी पुढे आलं नाही.

"फेकवलं नाही माझ्याच्याने," मामा म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

मग ते सांगत गेले. ऐन उमेदीत त्यांनी तिथे खनिज आहे असं छातीठोकपणे सांगून खड्डा खणवला होता. काही निघालं नाही. खड्डा गुपचूप बुजवला, नकाशावर येऊ दिला नाही. न चुकणाऱ्या मामांची ती एक चूक. गिरमिटची पेटी त्यांनी सहज म्हणून उघडली आणि त्यांची चूक त्यात लाल वायरीसकट पडलेली होती. निवृत्तीच्या तोंडावर. नव्या साठ्याला नाव लागायच्या तोंडावर.

"पण मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत भराव दाबून बसला असेल," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "एका मजल्याची हलकी इमारत. काही होणार नाही, अशी माझी खात्री होती. देवाशपथ."

साहेब खाकरले. म्हणाले की अंदाज चुकू शकतो, वयही झालंय, हेतू काही वाईट नव्हता, समितीपुढे हे जरा सांभाळून मांडता येईल. ठेकेदारही मान हलवायला लागला. गोदामातली हवा मवाळ होत चालली होती. मातीबाईने दात आवळले. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं, पण ते तिचं नव्हतं, म्हणून तिने लेकीकडे पाहिलं.

लेक शिडीकडे बघत होती. उंच, उभी, अरुंद पायऱ्यांची शिडी.

"मामा," ती म्हणाली, "वरच्या फळीवर ही पेटी कुणी ठेवली?"

"मीच ठेवली, पोरी."

"या शिडीवरून?"

मामांनी शिडीकडे पाहिलं.

"मग दिवाघराच्या पायऱ्या का चढवत नव्हत्या? दोनच होत्या त्या. आई रोज तुमचा दिवा बाहेर आणून द्यायची. माझी आई तुमच्या गुडघ्यांना तेल पाठवायची, मामा. काही होणार नाही अशी खात्री होती ना? मग एकदा तरी आत का नाही आलात?"

साहेबांनी आपलं स्टूल मामांपासून हळूच लांब सरकवलं. मातीबाईला त्या सरकवण्याचीही शिसारी आली.

"मातीची कांडी फेकवली नाही तुमच्याच्याने," ती मामांना म्हणाली. "आणि बाई फेकलीत."

७

समिती बसली, उठली. साहेबांनी सांभाळून मांडायचा बेत सोडला, कारण मातीबाई दोन्ही पेट्या मांडीशी घेऊन त्यांच्या समोरच बसली होती. मामांना पोलिसांच्या गाडीत बसवलं तेव्हा बाहेर अख्खी पाळी उभी होती. कुणी शिवी दिली नाही. एकाने टोपीवरचा दिवा काढून गाडीपुढे जमिनीवर ठेवला, मग दुसऱ्याने, मग बाकीच्यांनी. गाडीला तिथून वळसा घालून जावं लागलं.

मातीबाई सामान घेऊन निघाली तेव्हा गिरमिट कुठे दिसेना. तिने बरोबर ओळखलं आणि खचलेल्या कोपऱ्याकडे वळली.

तो चरात उतरला होता. सिमेंटच्या कांबेला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. लेक काठावर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती कांबेकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत.

"विचारायला हवं होतं तुम्ही," ती शेवटी म्हणाली. आवाज कडकच होता. "पाया खोल घेतला का, एवढं एकदा कुणाला तरी विचारायला हवं होतं."

"हो," गिरमिट खालून म्हणाला.

"ते मी विसरणार नाही."

"नको विसरू."

टेकूच्या समोरच्या बाजूने मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि गिरमिटच्या पायाशी येऊन फुटलं. तो हलला नाही. लेक मात्र एकदम पुढे झाली, पोटावर आडवी पडली आणि हात जितका पोचेल तितका तिने चरात खाली घातला.

"बाबा, आधी वर या," ती म्हणाली. "या मातीचा भरवसा नाही."